पहिल्या हिवाळ्याची यादी

शिकागोकडच्या थॉर्न प्रेअरी टाउनशिपला १९८६ साली दीडशे वर्षं पूर्ण होणार होती आणि तिथल्या लोकांना त्याचं कोण कौतुक. लतिका खानझोडेच्या माहेरी, अचलपुरात, दीडशे वर्षांच्या भिंतीवर बायका खुशाल गोवऱ्या थापतात. इथे मात्र दीडशे वर्षं म्हणजे जगाच्या आरंभापासूनचा काळ. आणि टाउनशिप तरी केवढी? छत्तीस चौरस मैल मका आणि सोयाबीन, एक चर्च, धान्याचं एक कोठार, एक लायब्ररी आणि एक दफनभूमी. पोस्ट ऑफिससुद्धा शेजारच्या गावाचं. तांदूळ-डाळ आणायला तासभर गाडी हाणत नेपरव्हिलच्या दिशेनं जावं लागायचं.

तर टाउनशिपचा इतिहास छापायचं ठरलं. कमिटी बसली, कमिटीवर एडना बिकफर्ड बसली. वय एकोणऐंशी, पण आवाज असा की शेतातला ट्रॅक्टर थांबावा. लतिका तिथल्या लायब्ररीत अर्धा दिवस काम करायची. एडनानं जुन्या कागदांची खोकी तिच्या टेबलावर आणून आदळली आणि सांगितलं की हे वाचायचं आणि टाइप करायचं. त्याला कारण होतं. कागद महाग म्हणून पहिल्या वसाहतवाल्यांनी एकदा आडवं लिहून त्याच पानावर पुन्हा उभं लिहिलेलं, शाई फिकी, अक्षर पळतं. इथल्या लोकांना आपल्याच पणजोबाचं पत्र वाचता येईना. लतिकाला यायचं. तिचे वडील कचेरीत मोडीचे कागद वाचणारे कारकून होते. लहानपणी त्यांच्या मांडीशी बसून तिला एक गोष्ट कळली होती, की अडलेलं अक्षर सोडून पुढे जायचं, पुढचं वाचलं की मागचं आपोआप सुटतं.

तीन वर्षं ती त्या लोकांच्या संसारात राहिली असं म्हटलं तरी चालेल. चिकट काळ्या मातीत नांगर अडकला की दर दहा पावलांवर फाळ खरवडायला लागायचा. उन्हाळ्यात घरोघर हिवताप. एक माणूस उठला की दुसरा आडवा. ओंडक्यांच्या भिंतीतल्या फटींतून बर्फ यायचा आणि सकाळी गोधडीवर बोटभर थर असायचा. सरपण संपलं की कुंपण जाळायचं, कुंपण संपलं की पलंग. चार-चार महिने मक्याच्या कण्यांची पेज. आणि या सगळ्यातून पूर्वेकडच्या आईबापांना जी पत्रं जायची त्यांत पहिली ओळ ठरलेली, आम्ही सर्व खुशाल आहोत. लतिकानं ताडून पाहिलं होतं. टोबायस क्रेननं ज्या आठवड्यात हे खुशालीचं पत्र लिहिलं, त्याच आठवड्यात दफनभूमीच्या वहीत त्याच्या दोन मुली होत्या. लोक आपल्या माणसांशी असं का खोटं बोलतात, याचं तिला सुरुवातीला नवल वाटलं. मग आठवलं की निळ्या एअरमेलवर तिनंही वीस वर्षं तेच लिहिलं होतं.

पुस्तकात एक यादी द्यायची असं एडनानं ठरवलं. थॉर्न प्रेअरीत ज्या कुटुंबानं आपल्या पहिल्या हिवाळ्यात माणूस गमावलं, त्या सगळ्यांची. कुटुंब १८३६ चं असो नाहीतर १९३६ चं. चार रकाने : कुटुंब, कोण, वय, कारण; वयापुढे, कळली असेल तर, तारीख. बहुतेक नावं तान्ह्या पोरांचीच होती, आणि बऱ्याच जागी नावही नव्हतं. "मुलगा, नऊ दिवस, थंडी." "मुलगी, एक महिना, माहीत नाही." त्रेपन्न ओळी झाल्या. लतिकाला चोपन्नावी घालायची होती.

कारण १९६६ च्या सप्टेंबरात खानझोडे इथे आले, आणि त्यांच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांचा मुलगा गेला होता. बारशाआधी गेला म्हणून त्याला नाव नव्हतं, आणि आपल्यात दगड लावत नाहीत म्हणून दगड नव्हता. दफनभूमीच्या ईशान्य कोपऱ्यात कुठेतरी तो होता, एवढंच. एकोणीस वर्षांत घरात त्याचा विषय निघाला नव्हता. नंतर झालेली सुलेखा आता सतरा वर्षांची होती आणि आपल्याला भाऊ होता हे तिला ठाऊकच नव्हतं. लतिकाला फार काही नको होतं. जिथे एवढ्या परक्या लेकरांची नोंद तिनं स्वतःच्या हातानं केली, तिथे आपल्याही लेकराची एक ओळ असावी, बस. तो होता, असं कुठेतरी लिहिलेलं असावं.

तिनं नवऱ्याला विचारलं. दिगंबर खानझोडे मक्याच्या बियाण्याच्या कंपनीत इंजिनिअर. माणूस सरळ, कामाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. टाउनशिपनं प्रत्येक कुटुंबाला पुस्तकात एक पान दिलं होतं, आणि खानझोड्यांचं पान तो महिनाभर लिहीत होता. लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. दुसऱ्याचं असो वा स्वतःचं, लिखाण दिसलं की त्याची लाल पेन्सिल बाहेर यायची. लतिकानं टाइप केलेलं पान न् पान तोच तपासायचा आणि एक स्वल्पविरामही सुटू द्यायचा नाही.

"अहो, त्या यादीत आपल्या बाळाची ओळ घालू म्हणते."

दिगंबरनं मान वर केली नाही. "कशाला? घरचं दुःख चव्हाट्यावर कशाला मांडायचं?"

"सगळ्यांनीच मांडलंय की. बिकफर्डांची तीन आहेत त्यात."

"त्यांची शंभर वर्षांपूर्वीची. त्यांना आता काय वाटणारे? आपल्याकडे बघून लोक उद्या अरेरे म्हणतील. मला ते नकोय." मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "हे ऐक, कसं झालंय बघ." आणि त्यानं आपलं पान वाचून दाखवलं. दोन सुटकेसा, भाड्याचं घर, पहिली नोकरी, कंपनीत मिळालेला मान. शेवटचं वाक्य त्यानं दोनदा वाचलं. इंग्रजीत होतं, पण मतलब असा की इतक्या वर्षांत आम्ही कुणापुढे हात पसरला नाही, कुणाचे मिंधे झालो नाही.

लतिकानं त्याच्या पुढ्यातले तपासलेले कागद गोळा केले. या मिंधेपणाच्या धसक्याचं मूळ तिला माहीत होतं. ते आले त्याच वर्षी नोव्हेंबरात दिगंबरची गाडी घसरून चरात गेली होती आणि अर्ध्या मैलावरच्या ओर्विल हॅडलीनं ट्रॅक्टर आणून ती ओढून काढली होती. पुढच्या आठवड्यात धान्याच्या कोठारावर दहा माणसांत हॅडली म्हणाला, की इंजिनिअरसाहेब मोठमोठी यंत्रं काढतात, पण त्यांना चरातून मला काढावं लागतं. दहाजण हसले. हॅडलीचा स्वभावच तसा, तो स्वतःच्या बायकोलाही सोडायचा नाही. पण दिगंबर दाराशी उभा होता आणि त्यानं ऐकलं. त्या दिवशी त्यानं कानाला खडा लावला.

आणि मग जानेवारी आला. १६ तारखेला बाळ झालं, हॉस्पिटलातून चौथ्या दिवशी घरी आणलं. घरी ना सासू ना आई; शेक-शेगडी, बाळंतिणीचा आहार सगळं पत्रात वाचून. २६ ला पहाटे जो बर्फ सुरू झाला तो शिकागोपर्यंत सगळ्यांना गाडूनच थांबला. दोन फूट. दार उघडेना. त्याच दिवशी बाळाला ताप चढला. दुसऱ्या दिवशी, बारशाच्या दिवशी, ते दूध ओढेना. लतिका वरच्या खोलीत त्याला छातीशी धरून बसलेली. दिगंबर खालून येऊन सांगायचा की फोन डेड आहे, रस्ता बंद आहे, सकाळी बर्फ काढायचा नांगर फिरेल. दुपार कलताना तिला खाली फोनची घंटा ऐकू आली. तिनं हाक मारून विचारलं. तो वर आला आणि म्हणाला, "घंटा कसली? वारा आहे. लाइन डेड आहे म्हटलं ना." तिलाही ताप होता. तिला वाटलं, आपले कान वाजले. पहाटे बाळ गेलं.

नंतरच्या दिवसांत दिगंबर एकच वाक्य बोलला होता. अर्ध्या मैलावर ट्रॅक्टर असलेला माणूस राहतो, त्यानं फोन करून साधी चौकशीही केली नाही. एकदाच म्हणाला. पण लतिकाच्या काळजात ते जे रुतलं ते निघालं नाही. हॅडली चर्चच्या जेवणाला भेटायचा, टोपी काढायचा, ती मान फिरवायची. त्याची बायको केक घेऊन यायची, लतिका दारातूनच थँक यू म्हणायची. मागच्या वर्षी हॅडली वारला तेव्हा सगळी टाउनशिप लोटली होती. लतिका घरी बसून मेथी निवडत होती.

हे सगळं असूनही नवऱ्याचा नकार तिनं मनावर घेतला नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर बाईला नकार कुठला मानायचा आणि कुठला ऐकून सोडून द्यायचा ते कळतं. अडचण वेगळीच होती. आपल्या ओळीत तारीख असावी असं तिला वाटत होतं, आणि तिला नक्की तारीख सांगता येईना. २७ की २८? तापाच्या ग्लानीत होती ती. दिगंबरला विचारायची सोय नव्हती. दफनभूमीची वही १९५० नंतर कुणी नीट ठेवली नव्हती.

हॅडलीच्या बायकोनं नवऱ्याच्या रोजनिशा कमिटीला देऊन टाकल्या होत्या. १९३८ पासूनच्या, दोन खोकी. लतिकानं त्यांना आजवर हात लावला नव्हता. त्या माणसाचं अक्षरही तिला बघायचं नव्हतं. पण तिला कुणीतरी म्हणाल्याचं आठवत होतं की त्या कोपऱ्यातली जमीन हॅडलीनंच खणली होती. म्हणजे तारीख त्याच्याकडे असणार. एका सकाळी लायब्ररीत कुणी नव्हतं, तेव्हा तिनं १९६७ ची वही काढली.

शेतकऱ्याची वही. तापमान, वारा, दूध किती, कुठली गाय व्यायली. अक्षर गिचमिड, पण तिला काय त्याचं?

"शुक्र. २७ जाने. उणे. उत्तरेचा वारा. गोठ्यापर्यंत दोर बांधला. दुधाचा ट्रक नाही, सगळं ओतून दिलं. चार वाजता त्या हिंदू इंजिनिअरला फोन केला. बायको आणि बाळ कसं आहे, ट्रॅक्टर घेऊन येऊ का, विचारलं. म्हणाला सगळं ठीक आहे, काही लागत नाही. थँक यू म्हणाला."

"शनि. २८. त्यांचं बाळ पहाटे गेलं. विचारत काय बसलो, सरळ जायला हवं होतं."

"सोम. ३०. कोपऱ्यात पेंढा आणि जुने टायर दिवसभर जाळले तेव्हा जमीन मऊ झाली. तीन फूट खणलं. कोल्हे आहेत म्हणून वर दगड टाकले."

लतिकानं ती पानं तीनदा वाचली. अडलेलं अक्षर एकही नव्हतं. पुढचं वाचलं की मागचं सुटतं, वडील म्हणायचे. सुटलं. घंटा वाजली होती. तिचे कान शाबूत होते. एकोणीस वर्षं ती ज्याच्याकडे पाठ फिरवून उभी राहिली, त्यानं तिच्या लेकराच्या अंगावर कोल्ह्यांसाठी दगड रचले होते. आणि ज्याच्या ताटात तिनं एकोणीस वर्षं पोळ्या वाढल्या, त्यानं थँक यू म्हणून फोन ठेवला होता.

बाळ वाचलं असतं का? कोण सांगणार. त्या बर्फातून ट्रॅक्टर हॉस्पिटलपर्यंत पोचला असता की नसता, पोचून उपयोग झाला असता की नसता. लतिका काही खुळी नव्हती, हे सगळे विचार तिच्या डोक्यात आले. पण संतापाला असले विचार पुरत नाहीत. वाचलं नसतं तरी तो ट्रॅक्टर आला असता, एवढंच तिला कळत होतं. एक माणूस दारात उभा राहिला असता.

संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला. सुलेखा समोरच बसली होती, पण त्याचं काही वाटायचं कारण नव्हतं. लेकीपासून लपवायचं ते भराभर मराठीत बोलायचं, ही त्या घराची जुनी सोय. पोरीला "जेवायला चल" आणि "आंघोळ कर" याच्या पुढचं मराठी येत नव्हतं, आणि ते शिकवायची घाई कुणी केली नव्हती.

"हॅडलीनं फोन केला होता," लतिका म्हणाली.

"कोण हॅडली? तो तर गेला."

"सत्तावीस तारखेला. दुपारी चार वाजता. त्यानं लिहून ठेवलंय."

दिगंबरचा घास हातातच राहिला. नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं. पण तो खोटं बोलण्यात कधीच तरबेज नव्हता. जे काही खोटं बोलायचं होतं ते एकदाच बोलून त्यानं पुरवलं होतं.

"मला वाटलं साधी सर्दी आहे," तो म्हणाला. "सकाळी रस्ता मोकळा होणारच होता. पुन्हा त्याला बोलवायचं, पुन्हा कोठारावर दहा लोकांत... आणि अगं, तोंडातून निघूनच गेलं. कुणी कसं आहे विचारलं की आपण काय म्हणतो? तेच म्हणालो."

"आणि मग परत फोन करता आला नाही?"

"केला असता तर आधी का नाही सांगितलं म्हणाला असता."

"आणि मला लाइन डेड आहे म्हणालात. वर त्याचंच नाव सांगितलंत, विचारलं नाही म्हणून."

लतिकाला वाटलं होतं की आपण ओरडू, ताट भिरकावू. तिनं आमटीचं भांडं उचलून त्याच्या पुढ्यातून आपल्या पुढ्यात ठेवलं, एवढंच.

"व्हॉट आर यू गाइज फायटिंग अबाउट?" सुलेखानं विचारलं.

"नथिंग, बेटा," दिगंबर म्हणाला. "एव्हरीथिंग इज फाइन."

लतिकानं त्याच्याकडे पाहिलं. त्याचं त्यालाही कळलं असावं, कारण तो उठून हात धुवायला गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी ती हॅडलीच्या बायकोकडे गेली. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. म्हातारी दारात आली, हिला बघून चकित झाली, आत ये म्हणाली. लतिकानं एवढंच सांगितलं, की ओर्विलनं आमच्यासाठी फोन केला होता हे मला काल कळलं. म्हातारी म्हणाली, "तुला माहीत नव्हतं? आणि आम्हाला वाटायचं, तो आला नाही म्हणून तू रागावली आहेस. तो तर म्हणायचा, बरोबर आहे तिचं." मग तिनं कॉफी केली आणि दोघी ती गार होईपर्यंत बसून राहिल्या. माफी मागायला ज्याच्याकडे जायचं तो वर्षापूर्वीच मातीत गेला होता, आणि त्याच्यासाठी माती तापवायला कुणाची गरजही पडली नव्हती. तो जूनमध्ये वारला होता.

त्याच आठवड्यात लतिकानं यादी पुरी केली. चोपन्नावी ओळ तिनं मुळाक्षरांच्या क्रमानं जिथे यायला हवी तिथे घातली. मग नवऱ्याचं पानही टाइप केलं. त्यात एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. कुणापुढे हात पसरला नाही, हे शेवटचं वाक्यसुद्धा जसंच्या तसं ठेवलं. दोन्ही कागद नेहमीप्रमाणे तपासायला त्याच्या पुढ्यात ठेवले आणि ती तिथेच खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

दिगंबरनं सवयीनं लाल पेन्सिल घेतली. आधी स्वतःचं पान वाचलं. मग यादी. बिकफर्ड, क्रेन, डॉसन. पेन्सिलीचं टोक एकेका ओळीखालून सरकत होतं. एके ठिकाणी त्यानं एक स्पेलिंग दुरुस्त केलं. मग टोक थांबलं.

कुटुंब : खानझोडे. कोण : मुलगा, नाव ठेवलेलं नव्हतं. वय : बारा दिवस, २८ जानेवारी १९६७. कारण : वडिलांनी फोनवर सांगितलं की सगळं ठीक आहे.

बाकी त्रेपन्न ओळींत कारणाच्या रकान्यात एकदोन शब्द होते. ताप. थंडी. माहीत नाही. ही एकच ओळ लांब होती, आणि तिचा शेवट रकान्याबाहेर गेला होता.

"चूक असेल तर खोडा," लतिका म्हणाली.

त्यानं पेन्सिल टेकवली. उचलली. पुन्हा टेकवली. पुस्तक घराघरांत जाणार होतं, कोठारावर जाणार होतं, कंपनीच्या साहेबाकडे जाणार होतं. पण त्यानं त्यातल्या कुणाचं नाव घेतलं नाही. पेन्सिल खाली ठेवून तो बायकोकडे न बघताच म्हणाला,

"सुलेखा वाचेल ना हे."

लतिकानं दोन्ही कागद उचलून पाकिटात घातले. पाकिटाला जीभ लावून ते बंद केलं आणि वरून हात फिरवला.

"वाचेल की," ती म्हणाली. "तिला इंग्लिश येतं."